तुळसाच्या नावाचा घोट

काळुराम दारू पीत नव्हता, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. पिणाऱ्याला दारू शोधावी लागत नाही. दारूच त्याला हुडकत येते, मग सरकार बंदी घालो नाहीतर वर आणखी काही करो. पण ज्याने उभ्या जन्मात ओठाला थेंब लावला नाही, त्याच्यावर ऐन दारूबंदीत बाटलीभर पैदा करायची पाळी आली, तर त्याने जावं कुठं आणि विचारावं कुणाला?

ही पाळी आणली आवडाबाईने. आवडाबाई म्हणजे डोंबिवलीच्या खाडीकडच्या त्या आगरी गावची धवलारीण. भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो, दक्षिणा घेऊन जातो. पण गावाच्या लेखी लग्न लागतं ते धवलारणीने धवले गायल्यावरच. तिच्या गाण्याशिवाय हळद अंगाला लागत नाही, आणि रुसली तर मांडव नुसता बघत उभा राहतो. बावन्न सालच्या वैशाखात काळुरामच्या एकुलत्या एक लेकीची, शालूची हळद होती. त्या सकाळी आवडाबाई मांडवाखाली ऐसपैस बसली, दाढेखाली तंबाखू सारला आणि म्हणाली,

"कालू, सांजला पूर्वज बोलवायचं हाईत. पयली हाक तुळसाला. तिचा घोट कय ठेवलास?"

काळुरामला सगळं गाव कालूच म्हणायचं. तुळसा त्याची बायको, शालूची आई. ती जाऊन दोन वर्षं होत आली होती. हळदीच्या वेळी घरातल्या गेलेल्या माणसांना एकेक करून नावाने हाक मारायची आणि ज्याची हाक त्याच्या नावाची घोटभर दारू मांडवाच्या मेढीशी, त्या मधल्या खांबाशी, ओतायची, ही रीत वाडवडिलांपासूनची. हाक मारली आणि घोट नाही, तर आलेलं माणूस दारातून परत जातं, असं म्हणतात.

"नारळाचं पानी ओतलं तर?" काळुरामने भीत भीत विचारलं.

"जल्लं तुजं नारलाचं पानी! जनमभर मिठागरात खाऱ्या पान्यात उभी रायली ती. सांजला घोट घेत व्हती, तवा कुठं हाडांत ऊब येत व्हती. तिना पोरीच्या हलदीला बोलवायची आनि नारलपानी द्यायचं?" आवडाबाईने बोट उगारलं. "आनि ऐकून ठेव. तूच आनायची. दुसऱ्या कोनाच्या हातची मी ओतू देनार नाय. नाय आनलीस तर तुळसाला हाक नाय, आनि तिना हाक नाय तर माजं गानं नाय."

खरं सांगायचं तर आवडाबाईपेक्षा काळुरामला भीती वाटत होती ती तुळसाची. बंदी नवी होती त्या पावसाळ्यात तुळसा अंथरुणाला खिळली. एका संध्याकाळी तिने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "घोटभर आना ना मना." काळुराम घाबरला. बंदी आहे, पोलीस आहेत, आपण कधी त्या वाटेला गेलो नाही, असं काय काय त्याच्या मनात आलं. त्याने सुंठ घालून पाणी गरम केलं आणि तिला पाजलं. ती मुकाट्याने प्यायली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं. चार दिवसांनी ती गेली. तेव्हापासून घरात सुंठेचा वास आला की काळुराम उठून बाहेर जायचा. का, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आता तिच्या लेकीच्या हळदीला तिला रित्या हाताने बोलवायचं? ते त्याच्याच्याने होणारं नव्हतं.

त्याने मेव्हण्याला, भिवाला, बाजूला घेतलं. भिवा पिणारा. त्याच्या तोंडाला रात्रीचा वास अजून येत होता, पण काळुरामला तो सुपारीचा वाटला.

"भिवा, तुना कय मिलते ती?"

भिवाने डोकं खाजवलं. त्याने आवडाबाईकडे पाहिलं. आवडाबाईने मांडवाच्या छताकडे पाहिलं.

"हितं जवल कोन देत नाय का?" काळुराम म्हणाला.

"जवल? बंदी हाय भाऊजी!" भिवा असा दचकला, जशी काही बंदी आजच सकाळी लागली होती. मग त्याने पत्ता सांगितला. कल्याण, शहाड, तिथून म्हारळ, कांबा आणि मग नदीच्या कडेने रायत्याच्या उतारापर्यंत. तो सगळा पट्टाच दारूचा. मोहाची फुलं, काठाला पाणी आणि झाडी. भट्टीला आणखी काय लागतं? उताराच्या अलीकडे करंजाखाली एक म्हातारा जाळं विणत बसलेला असतो. त्याला म्हणायचं, पाणी आहे का. तो विचारेल, गोडं का खारं. आपण म्हणायचं, कडू. बाटली येते.

"गोडं का खारं, आनि आपन कडू," काळुरामने दोनदा घोकलं. रिकामी बाटली पिशवीच्या तळाशी घातली, वरून वांगी भरली, पिशवी सायकलच्या क्यारेजला बांधली आणि तो निघाला.

सायकल त्याची रोजची. भाजी घेऊन कल्याणच्या बाजारात जायचा तो हिच्यावरूनच. कल्याण मागं पडलं, शहाडचं स्टेशन मागं पडलं आणि डांबर संपून खडी लागली. रस्त्याच्या कडेला सरकारी खडीचे ढीग आणि अंगावरही तीच खडी, नुसती पसरलेली, रूळ न फिरवलेली. चाक कधी इकडे सरके, कधी तिकडे. काळुराम "गोडं का खारं, कडू" म्हणत पायडल मारत होता, आणि तेवढ्यात समोर पाहतो तर काय, खडीच्या ढिगाजवळ एक खाकी माणूस!

खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर सोला टोपी, गळ्यात दोरीला शिट्टी. शेजारी चकचकीत सायकल. खडू घेऊन तो मैलाच्या दगडावर ठळक पांढरा बाण काढत होता. काळुरामच्या तोंडचं पाणी पळालं. परतायला जावं तर संशय येईल, थांबावं तर आणखी संशय येईल, म्हणून तो मान खाली घालून पुढं निघाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. आणि हा तर अजून चोरही झाला नव्हता.

"अहो पाहुणे! कुठवर?" खाकी माणसाने हात वर केला आणि टांग टाकून तो शेजारी आलासुद्धा.

काळुरामला खोटं बोलायची सवय नव्हती. जे पहिलं तोंडात आलं ते त्याने बोलून टाकलं. "टिटवाळ्याला. गनपतीला."

"वा! वांगी घेऊन?"

"देवाला."

"गणपतीला वांगी?" खाकी माणूस क्षणभर विचारात पडला. "असेल बुवा, एकेका गावची रीत. मी हरिहर. ठाण्याला कचेरीत असतो. चला, मीही त्याच बाजूला आहे. सोबत झाली."

ठाण्याला, कचेरीत. काळुरामने आपलं नाव तेवढं सांगितलं, पुढचं काही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. जिल्ह्याची सगळी कोर्टं, कचेऱ्या, तुरुंग ठाण्याला होते. दारूबंदीचे साहेब दुसरीकडे कुठं असणार? आणि बाण कशाला काढतात? मागून धाड यायची असते तिला वाट कळावी म्हणून. लहान पोरालाही समजेल.

दोघे निघाले. हरिहर बडबड्या माणूस. हवा कशी आहे, खडीवर चाकात हवा थोडी कमी ठेवावी, इथं मोहाची झाडं फार दिसतात नाही का, असं काहीबाही तो बोलत होता. मोहाचं नाव निघालं तेव्हा काळुरामचा पाय पायडलवरून घसरला. प्रत्येक फाट्यावर साहेब उतरायचा, दगड बघायचा, बाण काढायचा आणि दोन पावलं मागं सरून आपल्याच बाणाकडे कौतुकाने पाहायचा.

काळुरामने सुटकेसाठी काय नाही केलं? चढावर जोर मारून पुढं निघाला, तर साहेब खूश होऊन ओरडला, "शर्यत? या!" आणि टोपी सावरत त्याच्या पुढं गेला. मग एका झाडाखाली थांबून काळुरामने साहेबाची पाठ वळल्यावर मागच्या चाकाची हवाच सोडली आणि म्हणाला, "फुटलं बघा नशीब. साहेब, तुमी व्हा फुडं." साहेबाने पंप काढला, ट्यूब पाण्यात बुडवून पाहिली, भोक सापडेना म्हणून हळहळला, हवा भरून दिली आणि हात पुसत म्हणाला, "वाटेत माणूस सोडून जाणं आमच्या नियमात नाही." भीक नको पण कुत्रं आवर, अशी काळुरामची गत झाली. नियमात नाही म्हणजे काय? पकडायच्या माणसाला सोडायचं नाही, हाच नियम असणार.

कांबा गेलं. डाव्या हाताला उल्हास नदी दिसायला लागली, उन्हाळ्यामुळे बारीक झालेली, मधे दगडांची पाठ उघडी पडलेली. उताराच्या अलीकडे करंज होता. करंजाखाली म्हातारा होता. त्याच्या मांडीवर जाळं होतं. भिवाने सांगितलं तसं सगळं होतं, फक्त शेजारी हा साहेब नको होता. आता मुकाट्याने पुढं जावं, साहेबाला कुठंतरी वाटेला लावावं आणि परत यावं, असं काळुरामने ठरवलं. पण साहेबाला लागली होती तहान. तो सायकल टेकवून थेट म्हाताऱ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला,

"बाबा, पाणी आहे का?"

म्हाताऱ्याने सावकाश मान वर केली. सोला टोपी पाहिली, शिट्टी पाहिली, खाकी चड्डी पाहिली.

"गोडं का खारं?" तो म्हणाला.

"खारं कसलं देता? गोडंच द्या की!"

म्हाताऱ्याने मडक्यातलं पाणी ओतून दिलं. साहेब घटाघटा प्यायला, वा वा म्हणाला. "तुमी?" म्हाताऱ्याने काळुरामकडे पाहिलं. एक शब्द. एवढाच एक शब्द बोलायचा होता, ज्यासाठी तो सकाळपासून खडी तुडवत आला होता. त्याने तोंड उघडलं. साहेब त्याच्याकडे प्रेमाने पाहत होता.

"गोडंच," काळुराम म्हणाला आणि पाणी प्यायला.

तिथून निघताना साहेबाने करंजाशेजारच्या दगडावर बाण काढला. दोघांनी सायकली खांद्यावर घेतल्या आणि गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडली. काळुरामच्या डोक्यात आता नुसता कालवा झाला होता. साहेबाला खूण ठाऊक होती, तर मग त्याने गोडं का मागितलं? आणि ठाऊक नव्हती, तर नेमक्या त्याच माणसाला नेमकं तेच कसं विचारलं? हा आपल्याला खेळवतोय का? मुद्देमालासकट धरायचं म्हणून दम खातोय का? आणि देवाचं नाव घेऊन खोटं बोललो, ते आणखी वेगळंच. निदान तेवढं तरी खरं करावं, म्हणून तो मुकाट टिटवाळ्याच्या रोखाने सायकल हाणू लागला, म्हणजे रोख कुठं होता ते देव जाणे. पलीकडचा मुलूख त्याच्या पायाखालचा नव्हता. गाडीवाट फुटेल तिकडे तो वळत होता. आणि जितका तो वळत होता, तितका साहेब बिनघोर मागं येत होता.

उन्हं माथ्यावरून ढळली. एक ओढा लागला, मग शेतं, मग परत ओढा. आमराई लागली, ती संपली, परत आमराई लागली. कुणी माणूस दिसला तर सोला टोपी पाहून आधीच बांधाआड होत होता. शेवटी एका वळणावर काळुरामने कचकन ब्रेक दाबले.

समोर दगड होता. दगडावर बाण होता. पांढरा, ठळक, साहेबाच्या हातचा.

दोघेही उतरले. दोघांनी बाणाकडे पाहिलं. मग हरिहरने टोपी काढली, कपाळ पुसलं आणि खालच्या आवाजात विचारलं,

"काळुराम, आपण कुठं आहोत हो?"

"मना इचारताव? तुमना ठाव!"

"मला कसं ठाऊक? मी तर तुमच्या मागं येतोय."

"माज्या मागं? साहेब, मी तुमच्या फुडं पलतंय!"

आणि मग काळुरामचा बांध फुटला. त्याने पिशवी सोडली, वांगी वाटेवर ओतली आणि रिकामी बाटली साहेबाच्या पुढ्यात धरली. "घ्या. हाय ही अशी हाय. दारू आनायला निघालेलो. पोरीची हलद हाय सांजला. धरायचं तर धरा एकदाचं, पन खेलवू नका. मना आता सोसवत नाय."

हरिहरच्या चेहऱ्यावरचं ते आश्चर्य कुणी पाहायला हवं होतं. त्याने बाटलीकडे पाहिलं, वांग्यांकडे पाहिलं, आपल्या खाकी चड्डीकडे पाहिलं, आणि मग कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"अहो, मी मोजणीच्या कचेरीत असतो. नकाशांना रंग भरतो, रंग! शेताला पिवळा, पाण्याला निळा. आमचं एक सायकल मंडळ आहे ठाण्याला. पुढच्या रविवारी सगळ्यांना नदीकाठच्या या रस्त्यांनी फिरवून आणायचंय. वाट बघून खुणा करायचं काम मी अंगावर घेतलं. शहाडपुढं मी कधी आलो नव्हतो. तुम्ही दिसलात, इथले वाटलात. म्हटलं यांचं चाक धरून राहावं, वाट चुकायची नाही."

नकाशाला रंग देणारा वाट चुकला होता, ती वाट दाखवणारा त्याच्यापासून पळत होता, आणि दोघांनी मिळून अर्धा दिवस एका आमराईला प्रदक्षिणा घातल्या होत्या. हसावं की रडावं ते कळेना. हरिहर हसायला लागला, आणि काळुरामचा चेहरा पाहून मधेच थांबला.

"चला, त्या म्हाताऱ्याकडे परत जाऊ," तो म्हणाला. "आता मी लांब उभा राहतो."

वाट एका गुराख्याने दाखवली, तीही हरिहरने टोपी पिशवीत कोंबल्यावर. घाईघाईने उतार गाठला. करंज होता. म्हातारा नव्हता, जाळं नव्हतं, मडकंही नव्हतं. नदीवर धुणं धूत असलेल्या बाईने हात न थांबवता सांगितलं, "तो बान बगितलान नि उठला. काठावरचं सगलंच पांगलं. आता काय आठ दिवस हितं कोनी फिरकायचा नाय."

काळुराम पाण्याच्या कडेला जाऊन बसला. उन्हं उतरायला लागली होती. तिकडे मांडवात हळद वाटून झाली असेल, शालू पाटाची वाट पाहत असेल, आवडाबाई तोंड मिटून बसली असेल. काय सांगायचं तिला? काय सांगायचं तुळसाला? त्याला भयंकर एकटं वाटलं. हरिहर शेजारी येऊन बसला तेव्हा काळुराम त्याच्याकडे न पाहता बोलायला लागला आणि जे त्याने दोन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं त्या परक्या माणसाला सांगून मोकळा झाला. मिठागर, तुळसाचे पाण्याने फुटलेले पाय, तिने धरलेला हात, सुंठेचं पाणी, भिंतीकडे वळलेलं तोंड.

"जनमात एकच मागितलन माज्याकडं," तो म्हणाला. "आनि मी सुंठ दिली."

हरिहरने आपली पडशी उघडली आणि एक भरलेली बाटली बाहेर काढली.

"हे द्राक्षासव. वैद्याकडचं. सायकलीने थकवा येतो म्हणून आमच्या मंदाकिनीने, माझ्या बायकोने, बांधून दिलंय. मला आवडत नाही. द्राक्षं मुरवून करतात. तसं पाहिलं तर दारूच म्हणायची, पण औषध आहे. याला बंदी नाही."

"दारू हाय, पन बंदी नाय?"

"नाही."

"मग बंदी कशाला हाय?"

हरिहरने बाटली त्याच्या हातात कोंबली.

"घेऊन जा. मंदाकिनीला सांगेन, खडीवर आपटून फुटली."

निघण्यापूर्वी हरिहरने रुमाल नदीत भिजवला आणि करंजाजवळचा बाण घासून घासून पुसला. परतीच्या वाटेवर जिथं जिथं बाण दिसला तिथं तो उतरला आणि पुसत आला. काळुराम प्रत्येक ठिकाणी त्याच्यासाठी थांबला. शहाडच्या डांबरावर दोघांनी एकमेकांचा निरोप घेतला. "लग्नाला या साहेब," काळुराम म्हणाला, आणि जरा थांबून पुढं म्हणाला, "खाकी नको."

दिवे लागायच्या वेळेला तो गावात शिरला. मांडव गच्च भरला होता. वाजंत्री गप्प बसले होते. शालू पाटावर होती, हळदीची वाटी तिच्यापुढं तशीच होती, आणि आवडाबाई मेढीला टेकून मिटल्या तोंडाने बसली होती. काळुरामने बाटली तिच्या हातात दिली. तिने बूच काढलं, वास घेतला. एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. तिची भिवई वर गेली.

"कालू, हे औषद हाय."

मांडवात कुणीतरी खिदळलं. काळुराम हात जोडून उभा राहिला. "होय. मना मिलली नाय. लय फिरलो, पन मना नाय मिलली." आणि मग सगळ्या गावासमोर, लेकीसमोर, त्याच्या तोंडून निघून गेलं, "तिनं मागितलन तवा बी मी आनली नाय. ती तशीच गेली, आवडाबाय. कोरड्या तोंडानं गेली."

शालूने मान खाली घातली. आवडाबाईने त्याचा हात ओढून त्याला खाली आपल्याशेजारी बसवलं. तिचा आवाज इतका हळू कधी कुणी ऐकला नव्हता.

"कोरड्या तोंडानं? येड्या, रोज सांजला मी देत व्हते तिना. तू बाजारातून यायच्या आत. शेवटच्या दिसापर्यंत."

"कुठून?"

"माज्या परसातून. माजी भट्टी हाय. तुज्या कुडाला लागून हाय माजं परस. सगल्या गावाला ठाव हाय. हा भिवा बी थितंच पडलेला असतो."

भिवा मेढीकडे बघायला लागला. काळुराम एकेका तोंडाकडे पाहत गेला, आणि जे तोंड पाहावं ते खाली वळत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा; फरक एवढाच, की इथं कळसा कुठं आहे ते सगळ्यांना दिसत होतं आणि त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. दिवसभर तो ज्या धास्तीने हरिहरकडे पाहत होता, त्याच धास्तीने सगळं गाव दोन वर्षं त्याच्याकडे पाहत आलं होतं.

"मना कनाला सांगितलं नाय?"

"तुना खोटं बोलता येतं? कोनी पोलिसानं इचारलं असतं, तर हात धरून माज्या परसात आनून उभा केला असतास त्याला. तुळसानंच मना शपथ घातली. म्हनली, त्याला सांगू नको, तो उगाच जिवाला घोर लावून घेल."

काळुरामला एकदम हलकं वाटलं, आणि त्याच क्षणी आत कुठंतरी कळही उठली. तिला मिळत होती. ती तहानलेली गेली नव्हती. दोन वर्षं तो उगाच जळत होता. मग ती संध्याकाळ? तो हात? त्याला काही कळेना.

"आवडाबाय, रोज मिलत व्हती, तर मग माज्याकडं कनाला मागितलन तिनं?"

आवडाबाईने बाटली त्याच्या हातात परत दिली आणि त्याची बोटं तिच्यावर नीट मिटवली.

"तुज्या हातची पायजे व्हती तिना."

काळुरामच्या डोळ्यांपुढं मांडवातले दिवे पसरत गेले. भिवाने उपरण्याखालून एक बाटली पुढं केली, खरी, परसातली. "भाऊजी, ही घ्या. ती गोड हाय." आवडाबाईने नजरेनेच त्याला मागं सारलं. काळुराम मेढीशी उकिडवा बसला. बाटली वाकडी केली आणि घोटाच्या जागी चार घोट सांडले. माती ओली झाली, द्राक्षांचा गोडसर वास वर आला, आणि आवडाबाईने पदर सावरून तुळसाला पहिली हाक घातली.